मटका: आकडा निघतो कसा, लागतो कसा आणि बुकी का हरत नाही?

व्हॉट्सॲपच्या एखाद्या ग्रुपवर अधूनमधून असा मेसेज येतो: 138-24-770. ना नाव, ना गाव. काहींना तो चुकून आलेला ओटीपी वाटतो. पण ज्यांना तो वाचता येतो, त्यांना त्या आठ आकड्यांत एका अख्ख्या दिवसाचा मटक्याचा निकाल दिसतो.

हा निकाल वाचायचा कसा? डावीकडचे तीन आकडे 138. त्यांची बेरीज 1+3+8 म्हणजे 12. बेरजेतला शेवटचा आकडा 2, हा झाला 'ओपन'. उजवीकडे 770. बेरीज 14, शेवटचा आकडा 4, हा 'क्लोज'. ओपन आणि क्लोज शेजारी ठेवले की 24, ही 'जोडी'. तीन आकड्यांच्या गटाला 'पाना' किंवा 'पत्ती' म्हणतात. पाना चढत्या क्रमाने लिहितात आणि शून्याला दहा मानून शेवटी ठेवतात. म्हणून 077 नाही, 770.

जुगारात हे 'ओपन' आणि 'क्लोज' आले कुठून? थेट न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून. तिथे कापसाचा भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, हे तारेने मुंबईच्या कापूस बाजारात यायचं आणि त्या भावातल्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. याला 'आकडा' म्हणत. गंमत म्हणजे पैसे लावणाऱ्याचा कापसाशी काडीचा संबंध नसायचा. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे भाव बंद झाले. आकड्याचं वेड मात्र तसंच राहिलं.

मग आकडा इथेच काढायची सोय झाली. 1962 मध्ये कच्छहून आलेल्या कल्याणजी भगतने वरळीत आपला मटका सुरू केला. 1964 मध्ये फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्रीने 'न्यू वरळी मटका' काढला. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायच्या, म्हणून नाव पडलं मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, तीन पत्ते काढून बेरीज करायची पद्धत बसली, पण नाव मडक्याचंच राहिलं. आजही 'कल्याण' बाजार म्हटलं की अनेकांना कल्याण शहर आठवतं. ते नाव शहराचं नसून कल्याणजीचं आहे.

परळ-लालबागच्या गिरण्यांतला कामगार हा या धंद्याचा मोठा गिऱ्हाईक होता. पगार रोख, हातात चार आणे-आठ आणे लावायची सोय, आणि रात्री ओपन नऊच्या सुमारास, क्लोज बाराच्या सुमारास. 1975 च्या 'धर्मात्मा' सिनेमातली प्रेमनाथची भूमिका रतन खत्रीवर बेतलेली होती असं म्हणतात, एवढं हे नाव घरोघरी पोचलं होतं. खत्री 2020 मध्ये वारला.

आता लावणाऱ्याच्या बाजूने बघू. टपरीवर किंवा फोनवर एजंटला चार गोष्टी सांगायच्या: कुठला बाजार, ओपन की क्लोज, कुठला आकडा, किती रुपये. चिठ्ठी फाटते, खेळ लागला. जोडी लावायची तर ओपन निघायच्या आत. ओपन निघाल्यावर फक्त क्लोजवर पैसे घेतात.

भाव जागोजागी थोडे बदलतात, पण ढाचा एकच असतो. एक आकडा बरोबर आला तर रुपयाला 9. जोडीला रुपयाला 90. तीन वेगळ्या आकड्यांच्या सिंगल पान्याला साधारण 140 ते 150, दोन आकडे सारखे असलेल्या डबल पान्याला 280 ते 300, आणि 777 सारख्या ट्रिपल पान्याला 600 ते 700. लावलेला रुपया परत मिळत नाही, तो या भावातच धरलेला असतो.

खेळाची सगळी मेख या भावात आहे. आकडे दहा आहेत, 0 ते 9. प्रत्येकाला सारखी संधी असेल तर दहा वेळा रुपया लावून सरासरीने एकदा आकडा लागेल. दहा रुपये गेले, नऊ आले. जोडी शंभर आहेत, भाव 90 चा. इथेही शंभरातले दहा गेलेच. म्हणजे आकडा अगदी इमानदारीने काढला, कुठेही लबाडी झाली नाही, तरी लावलेल्या दर शंभर रुपयांतले सरासरी दहा रुपये पलीकडच्या खिशात जातात.

पान्याचं गणित जरा जास्त मजेशीर आहे. एकूण पाने 220: सिंगल 120, डबल 90, ट्रिपल 10. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर 22 येतात: 12 सिंगल, 9 डबल, 1 ट्रिपल. इतकी नेटकी वाटणी बघून वाटतं की सगळे पाने सारखेच असणार. तसं नाही. तिन्ही आकडे स्वतंत्रपणे निघाले तर 138 हा पाना 1-3-8, 3-8-1, 8-1-3 अशा सहा क्रमांनी येऊ शकतो, म्हणजे हजारात सहा वेळा. 770 हजारात तीनदा. आणि 777 हजारात फक्त एकदा. हजारात एकदा येणाऱ्या गोष्टीला भाव किती? 600 ते 700. 'लकी' म्हणून 777 लावणाऱ्याला मोठा आकडा दिसतो, पण सिंगलवर शंभरातले दहा-सोळा रुपये जातात तिथे ट्रिपलवर तीस-चाळीस जातात.

'फुल संगम' तर त्याहून वाईट. त्यात ओपनचा आणि क्लोजचा, दोन्ही पाने बरोबर सांगायचे. दोन्ही सिंगल पाने धरले तरी ही गोष्ट साधारण 28 हजारांत एकदा घडते. भाव बहुतेक ठिकाणी रुपयाला 10 हजारांच्या आसपास. "दहा रुपयांचे लाख" ऐकायला गोड वाटतं, पण खरा भाव दहा रुपयांना पावणेतीन लाखांच्या वर हवा.

इथवर आपण इमानदारी गृहीत धरली. आता बुकीच्या वहीत डोकावू. समजा एका ओपनवर लाख रुपये जमले. प्रत्येक आकड्यावर दहा-दहा हजार असतील, तर कुठलाही आकडा येवो, 90 हजार वाटायचे आणि 10 हजार ठेवायचे. पण लोक असे सारखे लावत नाहीत. समजा 4 वर 22 हजार आहेत आणि 7 वर फक्त 3 हजार. 4 आला तर 1 लाख 98 हजार द्यावे लागतील, म्हणजे 98 हजारांचा खड्डा. 7 आला तर 27 हजार देऊन 73 हजार सुटतात. छोटा बुकी अशा वेळी 4 वरचा भार वरच्या मोठ्या बुकीकडे सरकवतो. पण सगळ्यात वर बसलेला माणूस, ज्याच्या हातात आकडा काढणंही आहे आणि कुठल्या आकड्यावर किती लागले याचा हिशेबही, त्याने 4 का काढावा?

जुन्या काळी पत्ते लोकांसमोर काढले जात असं सांगतात. धंदा विश्वासावर चालायचा, तेव्हा तो दिखावा गरजेचाही होता. आज आकडा एका वेबसाइटवर उमटतो. मडकं नाही, पत्ते नाहीत, बघणारं कुणी नाही. सगळ्यात जास्त लोकांनी लावलेला आकडा निघावा अशी इच्छा असणारे हजारो असतात, पण निकाल टाकणाऱ्याचा फायदा नेमका उलट बाजूला असतो.

मग चार्टचं काय? वर्षानुवर्षांचे निकाल मांडलेले तक्ते बघून "7 वीस दिवस आला नाही, आता येणारच" असा हिशेब मांडणारे प्रत्येक गावात सापडतात. वह्या भरलेल्या असतात, लाल-निळ्या पेनाने रेघा मारलेल्या असतात. पण ठरावीक आकडा सलग वीस वेळा न येणं यात काही जगावेगळं नाही. शंभरातल्या बारा वेळा तसं होतंच. आणि एकविसाव्या वेळीही त्याची संधी दहात एकच असते. मडक्याला काल काय निघालं ते आठवत नाही. (आणि निकाल कुणी ठरवून टाकत असेल, तर त्याला चार्टची नाही, वहीची गरज आहे.)

माणूस बुडतो तो एका दिवसात नाही. लागलेले पैसे पुन्हा लावले जातात. घरातून आणलेले हजार रुपये असे फिरवत राहिलं, तर दर फेरीला दहा टक्के झिजत सातव्या फेरीला सरासरीने 478 उरतात, दहाव्या फेरीला 349. मधे एकदा आकडा लागलेला असतो, पार्टी झालेली असते, त्यामुळे हे झिजणं दिसत नाही. गेलेले काढायला रक्कम दुप्पट करत नेली, की पगार, मग उधारी, मग बायकोचे दागिने असा क्रम लागतो.

याच माणसाला टेलिग्रामवर 'फिक्स ओपन' विकणारा गाठतो. त्याची युक्ती समजून घ्या. हजार लोकांना आकडा पाठवायचा, पण शंभरांना 0, शंभरांना 1, असे दहा गटांत दहा आकडे. कुठलाही आकडा येवो, शंभर जणांना तो देव वाटतो. दुसऱ्या दिवशी त्या शंभरांना पुन्हा दहा-दहा करून आकडे द्यायचे. आता दहा लोक असे उरतात, ज्यांनी सलग दोनदा बरोबर आकडा पाहिला आहे. हे दहा जण तिसऱ्या आकड्यासाठी आगाऊ पाच हजार भरायला तयार असतात, आणि ग्रुपवर शपथेवर साक्षही देतात. उरलेल्या 990 जणांना ब्लॉक केलेलं असतं.

"लॉटरी चालते, मग मटका का नाही?" हा प्रश्न नेहमी येतो. महाराष्ट्राची राज्य लॉटरी 1969 पासून आहे. पण लॉटरीसाठी 1998 चा केंद्रीय कायदा आहे. तिकीट सरकारने छापायचं, सोडत सरकारने काढायची, पैसे सरकारी खात्यात जायचे. आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की एका आकड्यावर बक्षीस ठेवता येणार नाही. मटक्याचा सगळा पायाच एक आकडा आहे. महाराष्ट्रात मटका 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि जुगाराला मदत व्हावी म्हणून अशी माहिती छापणं, वाटणं हेही त्या कायद्यात येतं. ग्रुपवर रोज 'गेम' टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंना परवाना आहे, मटक्याला तिथेही नाही. मोबाईल ॲपवर पैसे लावून खेळवणाऱ्यांसाठी ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड.

एक गोष्ट जिंकणाऱ्यांनाही ठाऊक नसते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. म्हणजे जोडी लागली, 9 हजार निघतात, आणि एजंटने हात वर केले, तर कोर्टात वसुलीचा दावा लावता येत नाही. ॲपवर तर आकडा लागल्यावर "आधी टॅक्स भरा, मग पैसे काढा" असा मेसेज येतो, आणि टॅक्स भरल्यावर ॲपच उघडत नाही. असे पैसे गेले तर तासाभरातच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं, जितका उशीर तितके ते खात्यांतून पुढे सरकतात. खेळ सुटतच नसेल तर 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि फोन घरच्यांनी केला तरी चालतो.