सनद मागण्याआधी नागरिकांना विचारा

कॅलिफोर्नियातली बहुतेक शहरं राज्याच्या सर्वसाधारण कायद्याने चालतात. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या काहींची मात्र स्वतःची सनद आहे. सनद म्हणजे शहराची छोटी राज्यघटनाच. पालिकेच्या निवडणुका, नगरसेवकांचं मानधन, कामांची कंत्राटं अशा निव्वळ स्थानिक बाबींत सनदेचा नियम राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरतो. स्थानिक काय आणि राज्यव्यापी काय, यावर वाद झाला तर निवाडा न्यायालय करतं. सनद मंजूर होते ती मतदारांच्या बहुमतानेच.

पण मतदानाला किती जण येतात, यावर बरंच अवलंबून असतं. लॉस एंजेलिसजवळच्या बेल या कष्टकऱ्यांच्या गावात वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. तिथे 2005 मध्ये सनदेसाठी विशेष निवडणूक झाली, तेव्हा चारशे मतंही पडली नाहीत. सनद आली आणि नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा सुटली. 2010 मध्ये बिंग फुटलं, तेव्हा अर्धवेळ काम करणारे नगरसेवक वर्षाला लाखभर डॉलर घेत होते, तर शहर व्यवस्थापकाचा पगार आठ लाखांच्या घरात होता. पुढे त्याला तुरुंगवास झाला.

त्यानंतर राज्याने कायदा कडक केला. आता परिषदेला सनद मतदानाला ठेवण्याआधी किमान दोन जनसुनावण्या घ्याव्या लागतात, त्यातली एक तरी कचेरीच्या वेळेबाहेर. कामावर जाणाऱ्यांना येता यावं म्हणून ही अट फार मोलाची आहे. आपल्या शहरात अशी सुनावणी ठरली, तर मसुदा वाचून जरूर जा आणि मानधनाचं, कंत्राटांचं कलम आधी विचारा.