बाळाचें पहिलें चित्र

अमेरिकेंत व इंग्लंडांत गर्भस्थ बाळाचें चित्र केवळ आठवण म्हणून काढून देणारीं दुकानें आहेत. तिकडे नांदणाऱ्या आमच्या लेकीसुनांस त्यांचा मोह पडावा, यांत नवल नाहीं. चेहरा उमटण्यास २६ ते ३० आठवड्यांचा काळ बरा. तरीही बाळानें तोंड फिरविलें, तर चित्र निघत नाहीं.

परंतु खरी तयारी निराळीच आहे. १९५८ सालीं ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनीं ही पद्धति वैद्यांपुढें मांडली, ती रोगनिदानासाठीं. या ध्वनिलहरींनीं शरीर किंचित् तापतें. म्हणून निव्वळ हौसेखातर त्या वापरूं नयेत, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. शिवाय गोंडस मुखडा म्हणजे हृदय व कणा निर्दोष असल्याची ग्वाही नव्हे. तेव्हां १८ ते २० आठवड्यांची डॉक्टरी तपासणी चुकवूं नये, आणि आठवणीचें चित्र तेथेंच मागावें, असें आम्ही सुचवितों.

आपल्या देशांत १९९४ च्या कायद्यानें गर्भाचें लिंग सांगण्यास बंदी आहे. येथील वडीलधाऱ्यांनींही ‘मुलगा कीं मुलगी?’ असें सुनेला दूरध्वनीवरून विचारूं नये. ‘तुम्ही दोघें सुखरूप आहां ना?’ एवढेंच विचारावें.