‘पगार’ पोर्तुगीज, ‘चाक’ घरचं, मग ‘बदनाम’ कुणाचं? शब्दांची नाती ओळखायची कशी?

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये सकाळी ऐकू येईल असं एक वाक्य घ्या. ‘मिस्त्री, चावी द्या, बालदी आणि घमेलं बाहेर काढायचंय, आणि पगाराचं काय झालं?’

साधं मराठी वाक्य. पण यातले मिस्त्री, चावी, बालदी, घमेलं आणि पगार हे पाचही शब्द पोर्तुगीजमधून आलेत.

आता त्याच भोसरीतल्या जत्रेच्या दिवसांत या. बैलगाडा घाटात उभा आहे. त्याचं चाक, चाकाचा आस आणि बैलांच्या मानेवरचं जू. हे तिन्ही शब्द कुणाकडून उसने घेतलेले नाहीत. तरीही इंग्रजीतले ‘व्हील’, ‘अ‍ॅक्सल’ आणि ‘योक’ हे त्यांचे सख्खे नातेवाईक आहेत.

म्हणजे मराठी आणि युरोपातल्या भाषांमध्ये सारखे शब्द सापडतात, पण ते सगळे एकाच कारणानं सारखे नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘इंग्रजीतले सगळे शब्द आपल्याच संस्कृतमधून गेलेत’ या मेसेजचा घोळ इथेच होतो. आणि ‘हा शब्द परका आहे, वापरू नका’ असं कमेंटमध्ये सांगणाऱ्यांचाही.

दोन शब्द सारखे दिसण्याची कारणं तीन असू शकतात. उसनवारी, रक्ताचं नातं किंवा निव्वळ योगायोग. ती एकेक करून पाहू.

पहिलं कारण : उसनवारी

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. पुढच्या काही वर्षांत चौल आणि वसईतही त्यांनी पाय रोवले. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली, गोवा १९६१ मध्ये मुक्त झालं. एवढ्या काळात किनाऱ्यावर व्यापार झाला, लढाया झाल्या, बांधकामं झाली, स्वयंपाकघरं बदलली. नव्या वस्तूंबरोबर त्यांची नावंही आली आणि घाट चढून देशावर पोहोचली.

बटाटा, पाव, कोबी, अननस आणि काजू ही खाण्यातली नावं. बिजागरी, फीत, पिंप आणि बंब ही कामातली. नाताळ आणि पाद्री हे धर्मातले. भंगाराचा ‘लिलाव’ होतो तोही पोर्तुगीज ‘लेइलाँव’वरून.

यात ‘पगार’ची गोष्ट सगळ्यात मजेशीर आहे. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. हा शब्द आला लॅटिन ‘पाकारे’वरून, आणि त्याचा अर्थ होता शांत करणं. ज्याचं देणं आहे त्याला पैसे देऊन शांत करायचं, असा तो हिशोब. हाच लॅटिन शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि त्याचं ‘पे’ झालं. म्हणजे महिन्याच्या शेवटी हातात पडणारा ‘पगार’ आणि त्याबरोबर मिळणारी ‘पे-स्लिप’ हे एकाच लॅटिन शब्दाचे दोन फाटे आहेत. एक गोव्यामार्गे आला, दुसरा लंडनमार्गे.

‘मिस्त्री’चंही तसंच. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून मेस्त्री आणि मिस्त्री झालं. मूळ लॅटिन शब्द ‘मागिस्तेर’, म्हणजे वरचा, मोठा माणूस. त्याच शब्दातून इंग्रजी ‘मास्टर’ आणि ‘मिस्टर’ निघाले, आणि मास्टरवरून आपल्या शाळेतले ‘मास्तर’.

उसनवारीची एक अट असते. दोन्ही भाषा बोलणारी माणसं एकमेकांच्या संपर्कात यावी लागतात. भोसरीत हे आजही घडताना दिसतं. उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून आलेला कामगार गावाकडे ‘तनख्वाह’ म्हणत असेल, पण इथे काही दिवसांतच हिंदीत बोलतानाही ‘पगार कब होगा’ असं विचारू लागतो. पोर्तुगीजमधून मराठीत आणि मराठीतून हिंदी बोलण्यात, अशी त्या शब्दाची पुढची उसनवारी सुरू आहे.

दुसरं कारण : रक्ताचं नातं

आता बैलगाड्याकडे परत येऊ. ‘चाक’ हा शब्द संस्कृत ‘चक्र’वरून, प्राकृतमधल्या ‘चक्क’मार्गे आला. ‘जू’ आला ‘युग’वरून. सुरुवातीच्या ‘य’चा मराठीत ‘ज’ होतो, ‘यात्रा’ची ‘जत्रा’ झाली तशीच. ‘आस’ आला ‘अक्ष’वरून.

ग्रीकमध्ये चाकाला किंवा वर्तुळाला ‘क्युक्लोस’ म्हणतात. त्यातूनच ‘सायकल’ आली. लॅटिनमध्ये जू म्हणजे ‘युगुम’ आणि आस म्हणजे ‘आक्सिस’. इंग्रजीत व्हील, योक, अ‍ॅक्सल. हे शब्द ग्रीकांनी आपल्याकडून नेले नाहीत आणि आपण त्यांच्याकडून आणले नाहीत. साधारण पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलल्या जाणाऱ्या एका जुन्या भाषेतून ते दोन्हीकडे उतरले. तिला अभ्यासक ‘मूळ भारोपीय’ किंवा ‘प्रोटो-इंडो-युरोपियन’ म्हणतात. तिचा एकही शिलालेख किंवा ग्रंथ नाही. लेकी-नातींच्या चेहऱ्यावरून आजीचा चेहरा ओळखावा, तसे तिचे शब्द आजच्या आणि जुन्या भाषांची तुलना करून जुळवले जातात.

चाकणमध्ये २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे. या नावातलं ‘वागेन’ म्हणजे जर्मनमध्ये गाडी. ते संस्कृत ‘वाहन’चं भावंड आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘वाहून नेणं’ हा एकच धातू. जर्मनमध्ये चाकाला ‘राट’ म्हणतात, आणि आपला ‘रथ’ त्याच घराण्यातला. कंपनीत ‘जॉइन’ होणंही असंच. ते लॅटिन ‘युंगेरे’वरून आलं, आणि त्याचं मूळ ‘जू’ आणि ‘योग’ यांच्या मुळाशी जुळतं. उसना घेतलेला ‘मिस्त्री’सुद्धा खोलात गेलं तर नात्यातलाच निघतो. ‘मागिस्तेर’मधलं ‘माग्’ आणि ‘महाराष्ट्र’मधलं ‘महा’ यांचा उगम एकच.

पण हे सिद्ध कसं होतं?

नुसतं कानाला सारखं वाटून चालत नाही. आवाज ठरलेल्या नियमानं बदललेले असावे लागतात. संस्कृतात जिथे ‘प’ आहे तिथे इंग्रजीच्या मूळ शब्दांत ‘फ’ येतो. जिथे ‘द’ आहे तिथे ‘ट’ येतो. मराठीतही हे आवाज टिकून असल्यामुळे आपल्याला ते सहज तपासता येतं.

पाच – फाइव्ह
पाय (पाद) – फूट
पितर – फादर
दोन – टू
दहा – टेन
दात – टूथ

एखाद-दुसरा शब्द जुळला तर योगायोग म्हणता येईल. इथे जोड्यांमागून जोड्या एकाच पद्धतीनं बदलतात. डेन्मार्कचा रास्मुस रास्क (१८१८) आणि जर्मनीचा याकोब ग्रिम (१८२२) यांनी हा नियम मांडला. परीकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रिम बंधूंपैकीच हा याकोब.

या नियमानं उसना शब्दही पकडता येतो. सायकलच्या ‘पेडल’मध्ये ‘पाद’ आहे, पण तिथे ‘प’चा ‘फ’ झालेला नाही. कारण पेडल हा इंग्रजीचा मूळ शब्द नाही, तो लॅटिनच्या घरातून नंतर आणलेला आहे. म्हणजे इंग्रजीत ‘फूट’ वारशानं आला आणि ‘पेडल’ उसना.

गंमत म्हणजे आपला ‘पाव किलो’मधला ‘पाव’सुद्धा ‘पाद’वरूनच आला, कारण पाद म्हणजे चौथा भाग. वडापावमधला पाव मात्र पोर्तुगीज ‘पाँव’. ‘पाव किलो पाव द्या’ म्हणताना पहिला पाव घरचा असतो आणि दुसरा पाहुणा.

हे नातं आधी कुणाच्या लक्षात आलं?

याचं श्रेय सहसा सर विल्यम जोन्स यांना मिळतं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात केलेल्या भाषणात त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं सांगितलं. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी हे साम्य गोव्यात एका माणसाच्या लक्षात आलं होतं, आणि त्याचं नाव मराठी साहित्यात आहे.

तो म्हणजे इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स, आपल्याकडे ‘फादर स्टीफन्स’. १५७९ मध्ये तो गोव्यात आला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. पुढे यानंच सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचलं. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल इथे छापलं गेलं. ते भावाला लिहिलेलं पत्र मात्र विसाव्या शतकापर्यंत छापलं गेलं नाही. म्हणून त्या निरीक्षणाचा पुढच्या अभ्यासावर परिणाम झाला नाही.

त्याच सुमारास भारतात आलेला इटालियन व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती यानंही इटालियन आणि संस्कृत आकड्यांमधलं साम्य पत्रात लिहून ठेवलं होतं. सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोवे.

तिसरं कारण : निव्वळ योगायोग

फसगत होते ती इथे. ‘बदनाम’ हा शब्द पाहा. इंग्रजीत शब्दशः ‘बॅड नेम’. दोन्ही तुकडे जुळले, म्हणजे नातं पक्कं?

अर्धंच. ‘बदनाम’ फारसीतून आला. त्यातलं ‘नाम’ आणि इंग्रजी ‘नेम’ खरोखर एकाच मुळाचे आहेत. आपलं ‘नाव’ही त्यातलंच. पण फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा काही संबंध नाही. जुन्या फारसीच्या वाटेनं मागे गेलं, तर त्या शब्दाची सुरुवात ‘व’नं होते. अर्थ तोच, आवाज तोच, पण नातं शून्य.

दुसरं उदाहरण ‘दिवस’ आणि ‘डे’. वरचा नियम आठवा. संस्कृत ‘द’ समोर इंग्रजीत ‘ट’ हवा, इथे ‘ड’ आहे. म्हणजे ही जोडी नियमात बसत नाही, आणि ‘डे’चं मूळ खरंच वेगळं आहे. ‘दिवस’ आणि ‘देव’ यांचा खरा इंग्रजी नातेवाईक ‘ट्यूजडे’च्या पहिल्या भागात लपलाय. ‘टिव’ नावाच्या जुन्या जर्मानिक देवावरून त्या वाराला नाव पडलं. देव आणि टिव, इथे ‘द’चा ‘ट’ बरोबर झालाय.

मग संस्कृत सगळ्यांची आई की नाही?

मराठी, हिंदी, बंगाली यांचे बरेच शब्द संस्कृत आणि प्राकृतमधून आले, हे खरं. पण इंग्रजी, लॅटिन किंवा ग्रीकसाठी संस्कृत ही आई नाही, बहीण आहे. जोन्स यांनीही त्या तिघींचं जे समान मूळ सुचवलं, ते कदाचित आता अस्तित्वात नसेल असंच म्हटलं होतं. ‘मदर हा शब्द मातृवरून आला’ हे चूक. ‘मदर आणि मातृ एकाच शब्दावरून आले’ हे बरोबर.

भाषेचं नातं म्हणजे वंशाचं नातंही नाही. शेजारच्या कन्नड आणि तेलुगू भाषा द्राविडी कुळातल्या, पण शेकडो वर्षांच्या शेजारातून मराठीनं कन्नडकडून ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ घेतले. दूरच्या जर्मनशी रक्ताचं नातं आणि जवळच्या कन्नडशी शेजारधर्म, असा हा मामला आहे.

आणि आपण फक्त घेतलंच असंही नाही. इंग्रजी ‘मंगूस’ हा मराठी ‘मुंगूस’वरून गेला. ‘पेपर’ म्हणजे मिरी, हा शब्द पिंपळीचं जुनं नाव ‘पिप्पली’ ग्रीक आणि लॅटिनमार्गे पोहोचून बनला. ‘शुगर’ हा ‘शर्करा’चा फारसी आणि अरबी मार्गानं झालेला प्रवास.

पुढच्या वेळी मेसेज आला तर हे चार प्रश्न विचारा

१. दोन्ही शब्दांचं सगळ्यात जुनं रूप काय होतं? आजचं रूप पाहून निकाल देऊ नका.

२. आवाजातला बदल आणखी चार-पाच शब्दांत तसाच दिसतो का? नसेल तर योगायोगाची शक्यता मोठी.

३. शब्द कसला आहे? आकडे, नाती, शरीराचे अवयव सहसा वारशानं येतात. नवी वस्तू, नवं फळ, नवं हत्यार आलं की नाव बहुधा उसनं असतं.

४. उसना असेल, तर देणारे आणि घेणारे कुठे आणि कधी भेटले?

या प्रश्नांची उत्तरं नसलेला मेसेज कितीही अभिमान वाटायला लावणारा असला, तरी पुढे पाठवण्याआधी थांबायला हवं.

तसंच उलट बाजूनंही. कुणी ‘पगार’ परका म्हणून ‘वेतन’च म्हणा असा आग्रह धरला, तर त्याला चावी, बादली, बटाटा आणि बिजागरीही सोडाव्या लागतील. हे शब्द आता मराठीचे नियम पाळतात. चावीचं अनेकवचन आपण ‘चाव्या’ करतो आणि पगाराला ‘पगारातून’, ‘पगारावर’ असे प्रत्यय लावतो. लिस्बनच्या माणसाला यातलं काही कळणार नाही. भोसरीतल्या माणसाला मात्र ‘पगार झाला’ एवढं म्हटलं तरी सगळं कळतं.