घर बांधताय? मिस्त्रीच्या आधी नगरपालिकेची फाईल

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे पहिला फोन मिस्त्रीला जातो आणि दुसरा सळई-सिमेंटवाल्याला. जुम्म्याचा दिवस बघून बिस्मिल्लाह म्हणून कुदळ मारली जाते, मिठाई वाटली जाते. नगरपालिकेचा विषय निघतो तो कोणीतरी तक्रार केल्यावर. "सगळेच असंच बांधतात" हे वाक्य आम्ही मालेगावपासून मिरजेपर्यंत ऐकलं आहे. बांधत असतीलही, पण नोटीस आपल्या दारावर चिकटली की शेजाऱ्याचं बेकायदा बांधकाम दाखवून आपलं वाचत नाही.

सध्याच्या दिवसांत ही नोटीस म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईबाबत मोठा निकाल दिला. पाडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, ती रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि इमारतीवरही लावायची, मालकाचं म्हणणं ऐकायचं, कारणांसह आदेश काढायचा, असं न्यायालयाने बजावलं. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाइन किंवा नदीपात्रातल्या बांधकामाला हे संरक्षण नाही. आणि मुळात सुनावणीत अधिकारी एकच विचारणार : मंजूर नकाशा दाखवा. तो नसेल तर वकील तरी काय बोलणार?

म्हणून सुरुवात जमिनीच्या कागदापासून करू. आपल्या कुटुंबांचा गाडा सगळ्यात जास्त इथेच अडतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर (लोक त्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात) अजून मरहूम अब्बांचं, कधी कधी दादांचंच नाव असतं. परवानगीचा अर्ज मालकाने करायचा असतो, म्हणजे आधी वारसनोंद आली. आणि वारसांमध्ये अम्मी आणि बहिणी येतात. मुलं असताना बेवेला आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा, हे प्रत्येक घरात माहीत असतं, पण अर्ज भरताना यादीत फक्त भावांची नावं लिहिली जातात. ही चूक शरीयतच्या नजरेतही चूक आणि कायद्याच्या नजरेतही. उद्या एका बहिणीने हरकत घेतली तर अर्धवट बांधलेल्या घराचं काम कोर्टाच्या स्थगितीने थांबू शकतं. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर तो तिच्या खुशीने आणि नोंदणीकृत हक्कसोड पत्राने. लग्नकार्यात घाईघाईत घेतलेल्या कोऱ्या कागदावरच्या सह्यांना आम्ही तरी राजीखुशी म्हणणार नाही.

हिब्याचंही तसंच. इजाब, कबूल आणि कब्जा या तीन गोष्टी पूर्ण झाल्या तर तोंडी हिबासुद्धा आपल्या कायद्यात वैध आहे. हिबा लिहून ठेवला म्हणून त्याची नोंदणी सक्तीची होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे. पण नगररचना विभागाच्या टेबलावर अब्बांचे शब्द चालत नाहीत, तिथे मालमत्ता पत्रकावरचं नाव बघतात. पुढची कटकट नको असेल तर हिबा नोंदवून घ्या आणि फेरफार करून नाव चढवा.

कोकणातल्या आणि आखातात नोकरी असलेल्या घरांसाठी एक सूचना. तिकडून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते राहून गेलं की भावाची सही कार्यालयात अडते.

बॉन्डपेपरवर, नोटरी करून घेतलेले गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट हे दुसरं दुखणं. लेआउट मंजूर नसेल तर घराचा नकाशा मंजूर होत नाही. असा प्लॉट ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचा असेल तर गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित करून घेण्याची सोय आहे, ती आधी तपासा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात वक्फची नोंद दिसली तर मात्र तिथेच थांबा. मुतवल्लीने साठेखत करून दिलं असलं तरी वक्फची जमीन त्याची खासगी मालमत्ता होत नाही.

कागद जुळले की परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनियर गाठायचा. नकाशा तोच काढतो आणि ऑनलाइन दाखल करतो. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १,६०० चौरस फुटांच्या प्लॉटसाठी सोपी पद्धत ठेवली आहे. नकाशा व कागदपत्रं रीतसर दाखल करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी. "छोट्या प्लॉटला परवानगी लागतच नाही" असं जे चहाच्या टपरीवर सांगितलं जातं, ते या नियमाचं अर्धवट ऐकलेलं रूप आहे. पोचच नसेल तर परवानगीही नाही.

बाकीच्यांना बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते मिळाल्यापासून वर्षभरात काम सुरू व्हायला हवं, नाहीतर दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते आणि तीही जास्तीत जास्त तीन वर्षं. एका सुट्टीत पाया आणि पुढच्या सुट्टीत भिंती असा बेत असेल तर ही तारीख लिहून ठेवा. फाईलवर ६० दिवस काहीच उत्तर आलं नाही तर कायद्याने परवानगी मिळाली असं मानलं जातं, पण नकाशा नियमात काटेकोर बसत असेल तरच. नामंजूर झाल्यास ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

आता तपासणी. जोतं भरून झालं की कळवायचं आणि जोते तपासणी झाल्याशिवाय भिंती उचलायच्या नाहीत. मिस्त्री म्हणेल, कामगार बसून राहतील. राहू द्या. जोतं दीड फूट बाहेर गेलेलं असेल तर या टप्प्यावर ते थोड्या पैशात सुधारतं. स्लॅब पडल्यावर तोच दीड फूट लाखांत जातो. आमच्या पाहण्यातल्या एका घरात बाजूची मोकळी जागा जिन्यासाठी खाल्ली गेली. घर छान उभं राहिलं, पण भोगवटा प्रमाणपत्र त्या जिन्यापाशी अडकलं. वाढीव खोली हवीच असेल तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या.

काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र. बहुतेक जण इथे कंटाळतात, घरभरणीची दावत होते आणि फाईल तशीच राहते. पण १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीज-पाण्याचं जोडणं हा दाखला बघूनच द्यावं असं सांगितलं आहे. बँकांनीही कर्ज देण्याआधी तो तपासायचा आहे. मंजूर नकाशा कामाच्या जागी लावून ठेवण्याची सूचनाही त्यातच आहे.

घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी, हा गैरसमज फार खोल आहे. महापालिका बेकायदा बांधकामावरही कर घेते, वर दंड म्हणून दुप्पट शास्ती लावते, आणि तरी ते बांधकाम बेकायदाच राहतं.

खर्चाचं म्हणाल तर छाननी आणि विकास शुल्काशिवाय बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर असतो. स्वतः राहण्यासाठीचं घर ५० लाखांच्या आतलं असेल तर तो लागत नाही. पावतीशिवाय कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे.

पोच, प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, भोगवटा, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच आपल्या घरात ठेवा, दुसरा बहिणीकडे.