प्राणवायूची नावे

मुरबाडच्या शेतकऱ्याचा विळा पावसाळ्यात गंजतो, घरातील चूल पेटते आणि माणसाचा श्वास चालतो. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी हवेतील एकच वायू आहे. मराठीत त्यास प्राणवायू म्हणतात.

१७७४ साली इंग्लंडातील प्रीस्टली याने हा वायू वेगळा मिळविला. पुढे फ्रान्समधील लाव्हाझिए याने ग्रीक शब्दांवरून त्याचे ‘ऑक्सिजन’ असे नामकरण केले. ऑक्सिजन म्हणजे आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी लाव्हाझिएची समजूत होती. जर्मन, रशियन व जपानी भाषांतील त्याची नावेही आंबटपणावरूनच पडली आहेत. परंतु १८१० साली हंफ्री डेव्ही याने दाखवून दिले की, मिठापासून मिळणाऱ्या आम्लात हा वायू मुळीच नसतो. समजूत खोटी ठरली. रूढ झालेले नाव मात्र तसेच राहिले.

मराठीने आम्लाचा विचार केला नाही. श्वास आणि जीव या दोन्ही अर्थांचा ‘प्राण’ हा आपला जुना शब्द तिने या वायूस दिला. चिनी भाषेतही त्यास पूर्वी ‘पोषण करणारा वायू’ असे म्हणत.

मग मराठी नाव परिपूर्ण आहे काय? तसेही नाही. जो जीव जगवितो, तोच विळ्याला गंज चढवितो. ही गोष्ट प्राणवायू या नावात कोठेच दिसत नाही. नाव वस्तूची एकच बाजू दाखविते. उरलेल्या बाजू निरीक्षणाने व प्रयोगानेच जाणून घ्याव्या लागतात.