अंगणातले थिएटर

मोटारीत बसून सिनेमा पाहायचा, यात कसली आली अक्कल, असे मला वाटे. पण अक्कल होती ती जमिनीच्या चढउतारात! अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या रिचर्ड हॉलिंग्सहेडने घरच्या अंगणात झाडांना पडदा बांधला अन् मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला. पुढची मोटार मागच्याच्या आड येणार. मग त्याने पुढची चाके ठोकळ्यांवर चढवून पाहिली.

मे १९३३ मध्ये पेटंट मिळाले, ६ जूनला कॅमडेनजवळ पहिले ‘ड्राइव्ह-इन’ उघडले. मोटारीचे २५ सेंट, माणशी २५. पण भरल्या मोटारीलाही एका डॉलरहून जास्त नाही!

पुढे अशी थिएटरे शेकड्यांनी निघाली. १९४९ साली कोर्टाने मात्र पेटंटच रद्द केले. नाट्यगृहातल्या आसनांची रचना प्राचीन काळापासून अशीच आहे म्हणे! असेल, पण मग मोटारींसाठी ती आधी कुणालाच कशी सुचली नाही?