सील नवं, गळती जुनीच

उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यात रोटाव्हेटर आणि हळदीचे पॉलिश ड्रम एकदमच जुंपले जातात. गिअरबॉक्समधून ऑइल टपकलं की माणूस थेट स्पेअर पार्टच्या दुकानात जातो, नवं ऑइल सील आणतो, ठोकून बसवतो. आठवडाभरात पुन्हा थेंब, आणि मग सील बनवणाऱ्याला शिव्या. यातल्या बऱ्याच शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात. बघायचा असतो शाफ्ट.

सील म्हणजे रबराची बारीक धार आणि तिला शाफ्टवर दाबून धरणारी गोल स्प्रिंग. फिरत्या शाफ्टवर या धारेखाली तेलाचा जेमतेम मायक्रॉनभर पडदा असतो. डीआयएन ३७६० हे जर्मन मानक तिथल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ ते ०.८ मायक्रॉन आरए सांगतं. त्याहून खरबरीत शाफ्ट धार खातो, हे कुणालाही पटतं. पण फार गुळगुळीत शाफ्टही वाईटच: तेलाला थांबायला जागा उरत नाही, धार कोरडी घासते, तापते, तडकते. आरशासारखं बफिंग पाहून खूश होणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावणं अवघड.

शाफ्टचा कडकपणा किमान ४५ रॉकवेल सी हवा; वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर असेल तर ५५. आपल्या काळ्या मातीतली कच रबरात रुतते आणि तेच मऊ रबर मग लोखंडात चर पाडतं.

सगळ्यात फसवं दुखणं लेथवरचं. टूल पुढे सरकत कापतं, म्हणून शाफ्टवर डोळ्यांना न दिसणारे आटे उरतात. शाफ्ट फिरला की ते स्क्रूसारखे तेल बाहेर ढकलतात. म्हणून सीलच्या जागी ग्राइंडिंग व्हील आडवं न सरकवता सरळ आत घालायचं, आणि ठिणग्या थांबेपर्यंत तिथंच ठेवायचं. एमरी पेपर मागेपुढे सरकवत फिरवणारा टर्नर नकळत नवे आटे पाडत असतो.

हे तपासायला साधं सूत पुरतं. शाफ्टला हलकं तेल लावायचं, सुताला ३० ग्रॅम वजन टांगून ते वरून सोडायचं, शाफ्ट मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवायचा. सूत जागेवर राहिलं तर उत्तम. सरकलं तर उलटं फिरवून पाहायचं. आता ते विरुद्ध बाजूला गेलं तर आटे आहेत; दोन्ही वेळा एकाच बाजूला गेलं तर शाफ्ट निमुळता आहे किंवा तिरका बांधलाय. इतकी स्वस्त तपासणी वर्कशॉपमध्ये क्वचितच दिसते, याचं मला नवल वाटतं.

चर पडलेला शाफ्ट लगेच भंगारात जात नाही. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर अलीकडे बसवता येतं, नाहीतर पाव मिलिमीटरहून किंचित जाड स्टीलची स्लीव्ह चढवता येते. हार्ड क्रोम करून पुन्हा ग्राइंड करणं महाग पडतं. यातलं काहीही केलं तरी टोकाला १५ ते ३० अंशांचा चॅम्फर हवा, आणि सील सरकवताना स्प्लाइनवर चिकटपट्टी गुंडाळायची. नाहीतर धार बसवतानाच कापली जाते.